पहिली कुर्दी कादंबरी येरेवानमध्येच का निघाली

अरब शामिलोव, म्हणजे कुर्दांचा एरेबे शेमो, १८९७ साली कार्स भागातल्या एका यझिदी (कुर्दी बोलणारा एक वेगळा धर्मसमुदाय) मेंढपाळाच्या घरी जन्मला. कार्स तेव्हा रशियाकडे होते. १९२१ च्या तहानंतर ते तुर्कस्तानात गेले. अनेक भाषा येत असल्याने पहिल्या महायुद्धात त्याने रशियन सैन्यात दुभाष्याचे काम केले. पुढे तो बोल्शेविकांना मिळाला आणि पक्षाचा कार्यकर्ता म्हणून आर्मेनियातल्या कुर्दांमध्ये काम करू लागला.

तिथे पहिली अडचण लिपीची होती. यझिदींची धर्मपदे तोंडी परंपरेनेच चालत आली. लिहिणे-वाचणे काही ठरावीक धार्मिक घराण्यांपुरते होते, बाकीच्यांना ते जवळपास निषिद्धच. तुर्कस्तानात १९२४ नंतर कुर्दी शिक्षण आणि छपाई दोन्ही बंद झाली. त्यामुळे शेमो आणि असिरियन भाषातज्ज्ञ इसहाक मारोगुलोव यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बसवलेली लॅटिन वर्णमाला फार मोलाची ठरली. आर्मेनियाची राजधानी येरेवान इथे १९३० मध्ये ‘रिया तेझे’ हे कुर्दी वृत्तपत्र सुरू झाले आणि १९३५ मध्ये शेमोची ‘कुर्द मेंढपाळ’ आली. कुर्दीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. मेंढरे राखणारा पोर क्रांतीच्या फौजेत कसा पोचतो, ही त्यातली कथा बरीचशी त्याची स्वतःचीच आहे. त्यात पक्षाचा प्रचार आहेच, पण गुराख्यांच्या जगण्याचे तपशील इतके नेमके आहेत की ते तिथे वाढलेल्यालाच जमावेत.

१९३७ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत शेमोला हद्दपार केले गेले. वृत्तपत्रही त्याच वर्षी बंद पडले. ज्या राजवटीने लिपी दिली, तिनेच लेखक उचलून नेला. तो परतला १९५६ मध्ये, एकोणीस वर्षांनी. तोवर लॅटिन जाऊन सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची लिपी, आली होती. ‘दिमदिम’ या कादंबरीसह पुढची पुस्तके त्याने सिरिलिकच्या काळात लिहिली.

आज या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांची खरी कसोटी इथेच लागते. १९३२ पासून दमास्कसच्या ‘हावार’ मासिकाने वेगळी लॅटिन वर्णमाला रुजवली, आणि तुर्कस्तान-सीरियातले कुर्द तीच वापरतात. कुर्मांजीत, म्हणजे या कुर्दांच्या बोलीत, क-ख, त-थ, प-फ यांसारखा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे. येरेवानच्या सिरिलिकमध्ये तो वरच्या स्वल्पचिन्हाने दाखवत असत. ‘हावार’च्या लिपीत दोन्हींना एकच अक्षर. अक्षराला अक्षर लावून लिप्यंतर केले की हा भेद छापील पानावरून पुसला जातो, आणि मूळ सिरिलिक प्रत हाताशी नसेल तर तो परत बसवायला बोली जाणणारा माणूसच लागतो.