घडीचे कॅमेरे : लिलावमूल्य

चामड्याच्या किंवा कापडाच्या भात्यावर भिंग पुढे ओढून छायाचित्र घ्यायचे आणि काम झाले की मिटून ठेवायचे, अशा कॅमेऱ्याला घडीचा कॅमेरा म्हणतात. निव्वळ जुनेपणाला लिलावात फारशी किंमत नसते. कोडॅकचा ‘व्हेस्ट पॉकेट’ १९१२ ते १९२६ या काळात सुमारे २० लाखांच्या संख्येने विकला गेला आणि पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांच्या खिशात होता. शंभरी ओलांडूनही तो सहज मिळतो, म्हणून स्वस्तच राहतो.

किंमत कशाने चढते, हे फोइग्टलेंडर या कंपनीच्या ‘बेसा २’ इतके स्पष्ट दुसरा कॅमेरा क्वचितच दाखवतो. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे १९५० पासून बनलेल्या या कॅमेऱ्यात ‘१२०’ या प्रकारच्या गुंडाळी-फिल्मवर ६ × ९ सेंमी.ची आठ चित्रे येत. सांगाडा तोच, पण भिंगे तीन : कलर-स्कोपार, कलर-हेलियार आणि अपो-लांथार. शेवटचे भिंग फार थोड्या कॅमेऱ्यांना बसवले गेले, आणि केवळ त्या एका फरकामुळे बोली कित्येक पटींनी वर जाते. शटरसह भिंग काढून दुसऱ्या सांगाड्यावर बसवता येत असल्याने, दोन्हींचे क्रमांक एकाच काळातले आहेत का, हे जाणकार आधी पाहतात, आणि ते योग्यच आहे.

कोडॅकचा ‘सुपर सिक्स-२०’ (१९३८) प्रकाशविद्युत घटाच्या (प्रकाश मोजणाऱ्या घटकाच्या) साहाय्याने भिंगाचे छिद्र, म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट, आपोआप ठरवणारा पहिला कॅमेरा होय. २२५ डॉलर ही त्या वेळी जबर किंमत होती, त्यामुळे तो जेमतेम सातशेच्या आसपास बनला. त्याची यंत्रणा नाजूक असल्याने चालू स्थितीतला नग विशेष मोलाचा ठरतो.

भारतासारख्या उष्ण, दमट प्रदेशांसाठी इंग्लंडमध्ये सागवानी, पितळी पट्ट्यांनी जखडलेले ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे बनवले जात. दमट हवेत कातडे सुटते, साग टिकतो; त्यामुळे सँडरसनचे असे घडीचे कॅमेरे संग्राहकांना अतिशय प्रिय आहेत.

नग कितीही दुर्मीळ असला तरी त्याची अवस्था तपासल्याखेरीज बोली लावू नये. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी धरून तो हळूहळू उघडावा. घडीच्या कोपऱ्यांवर टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर भाता फुटला आहे असे समजावे. भिंगातली कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशीही, जी आपल्याकडच्या पावसाळ्यात लवकर धरते, किंमत निश्चित उतरवते. मूळ डबा, चामडी पेटी आणि माहितीपुस्तिका सोबत असल्यास मात्र बोली वाढते.

जाहीर झालेले आकडे वाचताना लिलावगृहाचे अधिमूल्य (बोलीवर खरेदीदाराकडून जादा घेतली जाणारी रक्कम) त्यात धरले आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. २०२२ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथे लायका ० मालिकेतील एका कॅमेऱ्यावर (हा घडीचा नव्हे) १ कोटी २० लाख युरोंच्या शेवटच्या बोलीवर हातोडा पडला. अधिमूल्यासह खरेदीदाराने प्रत्यक्षात मोजले १ कोटी ४४ लाख.