पार्श्वभूमी : ‘म्हैसूर’ क्रूझर आणि तिच्यावरचा गंडभेरुंड

आयएनएस म्हैसूर 20 ऑगस्ट 1985 रोजी नौदलातून निवृत्त झाली. मूळची ती ब्रिटिश क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, ‘नायजेरिया’. ऑगस्ट 1942 मध्ये माल्टाकडे निघालेल्या ताफ्यात इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला, तरी ती बुडाली नाही. 1954 मध्ये भारताने तीन लाख पौंडांना ती घेतली. डागडुजी होऊन 29 ऑगस्ट 1957 रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली.

डिसेंबर 1961 मध्ये गोवामुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावरच्या कारवाईत ‘त्रिशूल’ या युद्धनौकेबरोबर ‘म्हैसूर’ होती. त्या बेटावर आपले सात नौसैनिक कामी आले, हे गोव्याच्या गोष्टी सांगताना हमखास राहून जाते. 1971 च्या युद्धात ती पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. तेव्हा तिचे वय तिशीपार गेले होते.

खरा वाद या जहाजाच्या बोधचिन्हाचा. त्यावर दोन दिशांना चोची फिरवलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, आहे, आणि ब्रीद तैत्तिरीय उपनिषदातले : ‘न बिभेति कदाचन’, कधीही न भिणारा. प्रजासत्ताकाच्या जहाजावर म्हैसूरच्या वाडियार राजघराण्याची खूण कशाला, असा आक्षेप घेता येतो. पण 1957 मध्ये म्हैसूर हे राज्य होते आणि संस्थानाचे शेवटचे महाराज त्याच राज्याचे राज्यपाल होते. जुने चिन्ह टाकून नवे शोधायचे काही कारणच नव्हते. आज कर्नाटकाच्या राजमुद्रेवरही तोच पक्षी आहे.

आपल्याकडची, सोलापूरची, अढी वेगळी आहे. सीमाप्रश्नात सोलापूर-अक्कलकोटवर दावा सांगितला गेल्यापासून कर्नाटकाची खूण दिसली की इथे कपाळाला आठ्या पडतात. या पक्ष्याच्या बाबतीत ते साफ चूक आहे. वाडियारांच्या कितीतरी आधी, 1047 मध्ये, कल्याणीच्या चालुक्यांच्या एका मांडलिकाने शिमोग्याजवळ बळ्ळिगावीला गंडभेरुंडाचा स्तंभ उभारला. धड माणसाचे, डोकी पक्ष्याची दोन. पुढे विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर हाच पक्षी चोचीत आणि पंजांत हत्ती धरून आला. ती कल्याणी म्हणजे बसवकल्याण, आपल्या हैदराबाद रस्त्यावरून आत वळले की लागणारे. सोलापूरही त्याच चालुक्यांच्या मुलखातले आणि आपले ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजेच संत सिद्धरामेश्वर, यांची वचने कन्नडात. गंडभेरुंड सगळ्या दख्खनचा आहे. त्याला परका म्हणायचे तर सिद्धेश्वराच्या गावाने आपलाच वारसा नाकारल्यासारखे होईल.

जहाज मोडीत गेले, चिन्ह मात्र राहिले. माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘म्हैसूर’ ही विनाशिका 2 जून 1999 रोजी मुंबईत दाखल झाली. तिच्यावर तोच गंडभेरुंड, तेच ब्रीद आणि जुन्या क्रूझरचाच 60 हा क्रमांक आहे.