गोळ्या संपल्यावरचे बारा आठवडे

“मास्तरांनू, औषध संपला, रिपोर्ट बरो इलो. मगे आता परत मुंबयक कित्याक जावचा?”

२०१५ चा एप्रिल महिना. देवगडजवळच्या आमच्या वाडीत हापूसची काढणी ऐन भरात होती. शेजारचे आबा खळ्यात बसून पेटीतल्या पेंढ्यावर आंबे लावत होते आणि हात न थांबवता मला विचारत होते. आदल्या जुलैत ते मुंबईतल्या एका रुग्णालयात हिपॅटायटिस सीच्या औषधचाचणीत दाखल झाले. किती आठवड्यांच्या गटात जायचं ते चिठ्ठी टाकावी तसं संगणकाने ठरवलं, आणि आबांच्या वाट्याला २४ आठवडे आले. तेवढे दिवस त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. जानेवारीत गोळ्या संपल्या तेव्हा रक्तात विषाणू सापडला नाही. आता बारा आठवड्यांनी फक्त रक्त द्यायला बोलावलं होतं. एका कुपीभर रक्तासाठी कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या धरायची आणि हंगामातले दोन दिवस घालवायचे, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

त्या दिवशी मला जे नीट सांगता आलं नाही ते आता लिहितो. कारण हाच प्रश्न मला आजही विचारला जातो, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळू लागल्यावर तर जास्तच.

आधी एक गैरसमज. हिपॅटायटिस सी हा विषाणूमुळे होणारा यकृताचा रोग, पण गावात त्यालाही ‘कावीळ’च म्हणतात. आबांना कधीही कावीळ झालेली नव्हती. नव्वदच्या दशकात ते कलमावरून पडले, शस्त्रक्रिया झाली, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, आणि त्यांतूनच विषाणू अंगात आला असावा. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्याच्या शोधासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. पण आपल्याकडे रक्तपेढीतल्या प्रत्येक बाटलीची त्यासाठी तपासणी सक्तीची व्हायला हे शतक उजाडावं लागलं. पुढची वीस वर्षं आबा झाडावर चढत राहिले, पेट्या उचलत राहिले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं तेव्हा हे निघालं. हिपॅटायटिस सीची लागण झालेल्या बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. १०० जणांत १५ ते ४५ जणांचं शरीर सहा महिन्यांत विषाणू स्वतःच हटवतं. बाकीच्यांच्या यकृतात तो वर्षानुवर्षं राहतो, आणि त्यांतल्या १५ ते ३० टक्के लोकांना वीसेक वर्षांत सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत आतून निबर होत जातं.

तरीही नाव ‘कावीळ’ म्हणून आबांना आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं गेलं. त्याने हाताला पाला चोळला, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले, निवळी पिवळी झाली. “बघा, निघाली.” मी हे घरी करून पाहिलं आहे. परसातल्या आंब्याची ओली साल ठेचायची, रस तळहाताला लावून वाळू द्यायचा आणि हात निवळीत बुडवायचे. पाणी हळदीसारखं होतं. मला कावीळ नव्हती, माझ्या नातवालाही नव्हती, दोघांचं पाणी सारखंच पिवळं झालं. आंब्याच्या सालीत मँगिफेरिनसारखी द्रव्यं असतात आणि चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात त्यांचा पिवळा रंग खुलतो. डोक्यावर ठेवलेली काविळीची माळ वाढत वाढत छातीपर्यंत येते, त्याचंही कारण साधं आहे. दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले ओल्या देठांचे तुकडे सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ती खुंटीवर टांगली तरी लांबेल. पावसाळ्यात विहिरीचं पाणी बिघडून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून श्रेय माळेला जातं. ज्याच्या यकृतात सी आहे त्याची मात्र या माळेपायी वर्षं वाया जातात, आणि त्याचा मला मनापासून राग आहे.

आता त्या गोळीकडे. चाचणीतलं मुख्य औषध होतं सोफोसबुविर, जोडीला रिबाविरिन. सोफोसबुविर काम कसं करतं हे मला पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर म्हणजे आरएनएचा एक एकेरी धागा, सुमारे ९,६०० अक्षरांचा. अक्षरं चारच: ए, सी, जी आणि यू. डीएनए शिकलेल्यांनी टीच्या जागी यू धरावा. यकृताच्या पेशीत या धाग्यावरून एक लांबलचक प्रथिन बनतं, त्याचे तुकडे पडून दहा प्रथिनं होतात. त्यांतलं एनएस५बी हे नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. ते जुन्या धाग्यावरचं अक्षर बघतं, पेशीतून जोडीचं अक्षर उचलतं, नव्या धाग्याच्या टोकाला जोडतं आणि पुढे सरकतं. अबोलीचा वळेसर करताना एकेक फूल गाठीत धरून पुढे जावं, तसं. आपल्या पेशींना आरएनएवरून आरएनए उतरवणाऱ्या अशा विकराची गरज नसते. म्हणून ते बंद पाडलं तर नुकसान विषाणूचं होतं, आपलं नाही.

सोफोसबुविर शरीरात गेल्यावर खोटा ‘यू’ बनतं. प्रत्येक अक्षरात एक साखर असते, तिला पाच कर्बाणू. या खोट्या यूमध्ये दुसऱ्या कर्बाणूवर फ्लोरिनचा एक अणू आणि मिथिलचा एक गट बसवलेला आहे. एनएस५बीला तो खरा यू वाटतो, ते त्याला धाग्यात जोडून घेतं. पुढचं अक्षर जोडायला लागणारा हूक तिसऱ्या कर्बाणूवर असतो, आणि तो हूक इथे शाबूत आहे. पण शेजारचा मिथिलचा उंचवटा असा आडवा येतो की पुढचं अक्षर जागेवर बसतच नाही. धागा तिथेच थांबतो. अर्धवट धाग्यापासून विषाणू बनत नाही.

पण एवढ्याने भागत नव्हतं. पेशीतलं कोणतंही अक्षर धाग्यात जोडलं जाण्याआधी त्याला फॉस्फेटचे तीन गट लागतात, आणि पेशीतली विकरं ते एकामागून एक चढवतात. या खोट्या यूवर दुसरा आणि तिसरा फॉस्फेट सहज चढतो, पण पहिला जवळजवळ चढतच नाही. मग पहिला फॉस्फेट आधीच लावून गोळी का देऊ नये? कारण फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीचं आवरण स्निग्ध असतं. तेलात मीठ विरघळत नाही, तसा भारित रेणू त्या आवरणातून आत शिरत नाही. म्हणजे फॉस्फेट लावला तर औषध बाहेर अडतं आणि नाही लावला तर आत जाऊन निकामी पडून राहतं.

मायकेल सोफिया आणि फार्मासेट कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉस्फेट लावला आणि त्याच्यावर दोन टोप्या चढवून भार झाकला. एक टोपी फिनॉलची, दुसरी ॲलानिन या अमिनो आम्लापासून केलेली. असा झाकलेला रेणू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृताच्या पेशीत सहज जातो. तिथली विकरं टोप्या कापतात, भार उघडा पडतो आणि आता तो रेणू बाहेर येऊ शकत नाही. चढणीचे मासे धरायला ओहोळात बांबूचा सापळा लावतात ना, मासा आत शिरतो पण उलटा फिरत नाही, तसंच. मग उरलेले दोन फॉस्फेट पेशी आपणहून चढवते. ज्या यकृतात विषाणू राहतो तिथेच औषध साठतं, म्हणून दिवसाला एक गोळी पुरते. अमेरिकेत ते डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालं तेव्हा त्या एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला नसता, तर हा लेख लिहायला माझा हात धजावला नसता.

हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात डीएनएचं वेटोळं ठेवून जातो. एचआयव्ही आपला मजकूर थेट आपल्या डीएनएत घुसवतो. सीला डीएनएची अवस्थाच नाही. तो केंद्रकाबाहेर राहतो आणि टिकायचं तर त्याला सतत नकला काढाव्या लागतात. पुरेसे दिवस नक्कल बंद ठेवली की तो संपतो. म्हणून इथे ‘आटोक्यात’ म्हणायची गरज नाही, ‘बरा झाला’ म्हणता येतं.

आता आबांचा प्रश्न. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एकावर बारा शून्यं इतके विषाणू तयार होतात, आणि रक्तातल्या विषाणूंपैकी निम्मे दर तीनेक तासांनी नाहीसे होतात. एवढा वेग असल्यामुळे औषध सुरू होताच रक्तातला आकडा कोसळतो. पण चांगल्यातली चांगली तपासणीसुद्धा साधारण १५ एककं प्रति मिलिलिटर याच्या खालचं खात्रीने मोजू शकत नाही. आपल्या रक्ताचा द्रवभाग तीनेक लिटर असतो. हिशेब करा: ४५ हजार एककं रक्तात फिरत असली तरी कागदावर ‘आढळला नाही’ येऊ शकतं, आणि यकृतातलं तर आपण मोजतच नाही. जानेवारीतला आबांचा रिपोर्ट खरा होता, पण त्याने एवढंच सांगितलं की औषध चालू असताना विषाणू दबला आहे.

तो संपला की नुसता दबलाय हे कळायचा एकच मार्ग: औषध काढून घ्यायचं आणि थांबायचं. जो वेग विषाणूला पाडतो तोच त्याला वरही काढतो. कुठे थोडे उरले असतील तर ते भराभर वाढतात. परतायचा असेल तर तो बहुतेकदा पहिल्या चार आठवड्यांतच परततो, बारानंतर फार क्वचित. या गोळ्यांच्या आधी, इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात २४ आठवडे थांबत. नंतर असं दिसलं की बाराव्या आठवड्याला जो स्वच्छ असतो तो चोविसाव्यालाही जवळजवळ नेहमीच स्वच्छ असतो. म्हणून चाचणीची अखेर बाराव्या आठवड्यावर आली. शेवटच्या गोळीला चाचणी संपत नाही. शेवटच्या माणसाचं शेवटचं रक्त मिळालं की संपते. मग नोंदी कुलूपबंद होतात आणि निकालाचे आकडे निघतात.

आबांना मी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मात्र लगेच पटली. या चाचण्यांत बाराव्या आठवड्याचं रक्त मिळालं नाही, तर त्या माणसाची नोंद ‘अपयशी’ अशी होते. तो ठणठणीत असला तरीही. अंदाजाने कुणाला बरा म्हणायचं नाही, हा तिथला दंडक. आबा पेटीवर खिळा ठोकत होते, ते थांबले. सहा महिने सोसलं त्यांनी. रिबाविरिनने हिमोग्लोबिन उतरलं होतं, घाटी चढताना धाप लागायची, आणि हे सगळं कागदावर अपयश म्हणून जाणार.

माळ आणि गोळी यांतला फरकही इथेच आहे. सोफोसबुविर आणि वेलपाटास्विर यांच्या जोडगोळीची २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ॲस्ट्रल-१ ही चाचणी पाहा. ६२४ जणांना खरी गोळी मिळाली, ११६ जणांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. गोळ्या थांबल्यावर बाराव्या आठवड्याला खऱ्या गोळीवाल्यांपैकी ९९ टक्के विषाणूमुक्त होते. पोकळ गोळीवाल्यांपैकी एकही नव्हता. त्या ११६ जणांना नंतर खरं औषध घेता आलं, पण त्यांनी दिलेलं ते शून्य मला ९९ पेक्षा मोलाचं वाटतं. हा रोग आपोआप बरा होत होता असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

आबा गेले. दोन पेट्या घेऊन गेले, एक डॉक्टरांसाठी आणि एक रक्त काढणाऱ्या बाईंसाठी. डॉक्टरांनी पेट्या घेतल्या नाहीत, चाचणीचे नियम आडवे आले, तेव्हा त्या दादरला बहिणीकडे गेल्या. महिन्याभरात निकाल आला: विषाणू आढळला नाही. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. ही देवीच्या रोगासारखी एकदा होऊन गेली की संपली अशी गोष्ट नाही, दूषित सुई-रक्तातून पुन्हा लागण होऊ शकते, लस अजून नाही. आणि यकृत आधीच निबर झालेलं असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. आबांचं यकृत तिथवर गेलं नव्हतं.

दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला मी त्यांच्यासोबत होतो. रक्त तपासलं आणि चिठ्ठीवर पुन्हा ‘रिॲक्टिव्ह’. सिस्टर घाबरल्या, त्यांनी आबांची खुर्ची बाजूला सरकवली. ती तपासणी प्रतिपिंडांची असते, आणि विषाणू गेल्यावरही प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आबांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला मुंबईचा कागद काढला. “बाय, तो रिपोर्ट जुन्या दुखण्याचो. आता काय नाय, ता ह्या कागदार बघा.” डॉक्टरांनी आरएनएची तपासणी पुन्हा करून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात डावा डोळा झाला.