इंजिन मिळालं, पण हवेचं काय?

ताऱ्यांकडे जायचं म्हटलं की गाडी इंजिनावर अडते. साहजिक आहे म्हणा. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाच्या व्हॉयेजर-१ यानाला सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतचं, प्रॉक्सिमा सेंटॉरीपर्यंतचं, ४.२४ प्रकाशवर्षांचं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. समजा, प्रकाशाच्या दहा टक्के वेग देणारं इंजिन मिळालं. प्रवास ४२-४३ वर्षांवर आला. (तिथे पोचल्यावर थांबायचं कसं, हा वेगळा घोर. १९७०च्या दशकातल्या ‘डिडॅलस’ या ब्रिटिश तारायानाच्या आराखड्यात थांबणं नव्हतंच, ताऱ्याजवळून नुसतं निघून जायचं होतं.) पण तितकी वर्षं माणसं श्वास कशावर घेणार?

याची पृथ्वीवरच एक तालीम झाली. सप्टेंबर १९९१मध्ये ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर-२’ या तीन एकरांहून थोड्या मोठ्या बंदिस्त काचघरात आठ जण राहायला गेले. आत शेती, छोटं जंगल, अगदी समुद्रसुद्धा. तरी ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून उतरत सोळा महिन्यांत १४ टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे साधारण चार हजार मीटर उंचीवरची विरळ हवा. माणसं थकू लागली, झोपेत श्वास अडकू लागला. जानेवारी १९९३मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

ऑक्सिजन गेला कुठे? पीक जोमात यावं म्हणून माती सेंद्रिय द्रव्याने भरलेली होती. ते कुजवताना जिवाणूंनी ऑक्सिजन वापरला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. तो झाडांनी घेतला असता, तर ऑक्सिजन परत मिळाला असता. पण बराचसा काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडने शोषला आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट झाला. श्वासातला ऑक्सिजन भिंतीत गोठून बसला! झाडं मोजली, माणसं मोजली. भिंती मात्र हिशेबात धरल्या नव्हत्या.

पाण्याचा हिशेब त्या मानाने सरळ, पण तोही टळत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्र, घाम, उच्छ्वासातली वाफ धरून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली आहे. उरलेले दोन टक्के किरकोळ वाटतात. शंभर माणसं, माणशी रोजचं चार लिटर धरलं, तर वर्षाला सुमारे २,९०० लिटर, आणि ४३ वर्षांत सव्वाशे टन. यात आंघोळ नाही, शेती नाही. शिवाय स्थानकावर कार्बन डायऑक्साइडपासून पाणी बनवताना निघणारा मिथेन, त्यातल्या हायड्रोजनसकट, सरळ बाहेर सोडतात. तिथे ते परवडतं, कारण काही महिन्यांत पुढचं मालवाहू यान येणार असतं.