सरड्याची धाव आणि तिचं कुंपण

माणसाळणं हा शब्द मोठा गोड आहे. जनावर माणसाळलं म्हणजे त्याच्यात थोडंसं माणूस उतरलं, असं काहीतरी त्यातून सुचवलं जातं. कुत्र्याला तो शोभतो, कारण त्याची आपली संगत हजारो वर्षांची आहे. इग्वानाला हा शब्द लावला की मात्र घोळ सुरू होतो. पाळायला मिळणारा हिरवा इग्वाना बंदिवासात जन्मलेला असला, तरी रक्ताने रानटीच असतो. मेक्सिकोपासून ब्राझील-पॅराग्वेपर्यंतच्या जंगलांत, नदीवर झुकलेल्या झाडांच्या शेंड्यांवर राहणारा हा सरडा. त्याचं नावसुद्धा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेलं. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. 1825 मध्ये गिडियन मँटेल या इंग्रज डॉक्टरला एका अजस्र प्राण्याचे जीवाश्म दात इग्वानाच्या दातांसारखे दिसले, म्हणून त्या डायनोसॉरचं नाव इग्वानोडॉन पडलं. दातांचा विषय पुढेही येणार आहे.

अंड्यातून निघालेलं पिल्लू शेपटीसकट वीतभर असतं. तळहातावर बसतं, पोपटी रंगाचं असतं, आणि तिथेच माणूस फसतो. नीट वाढलं तर काही वर्षांत तेच दीड मीटरच्या पुढे जातं. मोठे नर दोन मीटरच्या जवळ पोचतात. अर्ध्याहून जास्त लांबी शेपटीचीच. आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं. म्हणजे आज घरातलं जे मूल हट्ट करतंय, ते कॉलेज संपवून बाहेर पडेल तेव्हाही हा प्राणी घरातच असेल.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हिणवून म्हणतो. इग्वानाच्या बाबतीत खरी मेख कुंपणातच आहे. तो शांत होईल की पिसाळेल, हे तुमच्या हातापेक्षा त्याच्या पिंजऱ्यावर जास्त ठरतं. पहिली गोष्ट उंची. रानात तो उंचावर असतो तेव्हाच निर्धास्त असतो, कारण जमिनीवर धोका असतो आणि आकाशातून ससाणे येतात. जमिनीवर ठेवलेल्या काचेच्या पेटीत त्याला काय दिसत असेल, विचार करा. दिवसातून दहा वेळा एक प्रचंड प्राणी वरून वाकतो आणि पंजा आत घालतो. माशांची टाकी म्हणूनच निकामी. पूर्ण वाढलेल्याला साधारण दोन मीटर उंच, तितकाच लांब आणि एक मीटर खोल पिंजरा लागतो. त्याची बसायची फळी माणसाच्या नजरेच्या वर हवी आणि फांद्या त्याच्या अंगाइतक्या जाड. आरसा किंवा चकाकणारी काच नको. नर स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो.

दुसरी गोष्ट ऊब. आपण अन्न जाळून शरीर गरम ठेवतो, इग्वाना ऊब बाहेरून उसनी घेतो. पिंजऱ्याच्या एका टोकाला वरून दिवा लावून 35 ते 38 अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला 27-28, आणि मधे जायला-यायला मोकळी वाट, अशी रचना हवी. म्हणजे तो आपलं तापमान स्वतः ठरवू शकतो. हा त्याच्या पचनाचा प्रश्न आहे. इग्वाना पानं खातो, आणि पानातला चिवट तंतू त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव आंबवून फोडतात. हे सूक्ष्मजीव मिळवण्यासाठी रानातली पिल्लं आयुष्याच्या सुरुवातीला मोठ्यांची विष्ठा खातात. ऐकायला किळसवाणं आहे, पण विरजण लावण्यासारखाच प्रकार. अंग पुरेसं तापलं नाही तर आंबवणं थांबतं आणि पोट भरलेलं असूनही प्राणी खंगतो. ऊब त्याला अन्नापेक्षा किती महत्त्वाची वाटते, हेही तपासलं गेलंय. थंड कोपऱ्यात आवडीची पानं आणि उबेत साधा चारा ठेवला, तर कोपरा जसजसा गार होत गेला तसतसे इग्वाना पानांवर पाणी सोडून उबेतच बसले. फ्लोरिडात मोकाट वाढलेले इग्वाना थंडीच्या लाटेत गारठून झाडांवरून टपाटप खाली पडतात. मेलेत असं वाटतं, पण ऊन लागलं की बरेचसे उठून चालू लागतात.

दुकानात विजेवर तापणारे दगड मिळतात, ते घेऊ नका. इग्वानाला ऊब पाठीवरून घ्यायची सवय. पोटाखालचा दगड कातडी भाजेपर्यंत तापला तरी तो वेळेवर उठत नाही. दिव्यालाही जाळी हवी.

तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. कातडीवर 290 ते 315 नॅनोमीटरची अतिनील किरणं पडली की आतल्या एका द्रव्यापासून ड-3 जीवनसत्त्व बनू लागतं, आणि ते काम पूर्ण व्हायलाही ऊब लागते. ड-3 नसेल तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम उपसू लागतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, मांड्या सुजून गोलमटोल दिसतात आणि मालक म्हणतो, ‘बघा, किती बाळसं धरलंय!’ पाळीव इग्वानांचा हा फार जुना शाप आहे. खिडकीत ठेवून तो टळत नाही, कारण साधी काच ही किरणं अडवते. खास यूव्ही-बी दिवा लागतो, आणि प्रकाश दिसत राहिला तरी त्यातली अतिनील किरणं कमी होत जातात. म्हणून तो सहा महिने ते वर्षभरात बदलायचा.

आहारात रोज गडद हिरवी पानं हवीत, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट भरेल अशी. पालकातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडकवतं, त्यामुळे तो क्वचितच. मांस, अंडी, कुत्र्याचं खाणं मुळीच नको. त्याने मूत्रपिंडं जातात. हवाही दमट लागते, कोरड्या हवेतही नुकसान मूत्रपिंडांचंच होतं.

काही दिवसांनी पिंजऱ्यावर पांढरे ठिपके दिसू लागतील, पाण्याचे डाग वाळल्यासारखे. पुसले तरी परत येतात. जवळून बघत बसलात तर उलगडा होतो. इग्वाना डोकं किंचित उचलतो, फुर्रकन शिंकतो आणि बारीक तुषार उडतात. ही सर्दी नव्हे. पानांतून आलेले जास्तीचे क्षार नाकातल्या ग्रंथी गोळा करतात आणि तो ते शिंकरून टाकतो. वाळलं की मीठ उरतं.

आता हात लावण्याविषयी. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते, आणि वरून अचानक सावली पडली तर ती ससाण्याची, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून हात कायम बाजूने, त्याला दिसेल असा, हळू न्यायचा. पहिले एक-दोन आठवडे तर हातच लावायचा नाही. त्याच खोलीत बसायचं, वाचायचं, फोनवर बोलायचं. मग हातातून पान द्यायचं. मग छातीखाली हात सरकवून चारही पाय टेकतील असं उचलायचं, रोज थोडा वेळ, ठरल्या वेळेला. तो धडपडला तर लगेच सोडू नका. क्षणभर शांत होऊ द्या आणि मग ठेवा. नाहीतर धडपड केली की सुटका होते, हा धडा तो चटकन शिकतो.

शेपटी कधीही धरू नका. तरुण इग्वाना ती तोडून पळतो. पुन्हा येते ती आखूड, काळपट आणि आत मणक्यांऐवजी कूर्चा असलेली. अंग बाजूने चपटं करून मोठं दाखवणं, गळ्याखालची कातडी ताणणं, शेपटी वाकवून धरणं या सगळ्याचा अर्थ ‘लांब राहा’. त्याकडे दुर्लक्ष केलं तर शेपटीचा फटका बसतो, नाहीतर दात लागतात. त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. पानं कातरायला उत्तम, बोटाला वाईट.

सगळ्यात फसवी खूण मिटलेल्या डोळ्यांची. कुरवाळताना त्याने डोळे मिटले की आपण म्हणतो, सुखावला. पुष्कळदा तो तुमच्या बाजूचा एकच डोळा मिटतो. तुम्ही त्याला नकोसे आहात आणि पळायला जागा नाही, तेव्हा निदान दिसू तरी नका, असा तो प्रकार असतो. हळुवार हाताळलं तरी इग्वानाच्या हृदयाचे ठोके वाढतात, हे मोजलं गेलंय. बाहेरून तो पुतळ्यासारखा असतो.

विणीच्या हंगामात वर्षभराची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. नर नारिंगी होतो, डोकं झटकत फिरतो आणि ओळखीच्या माणसावरही चालून येतो. त्या काळात त्याला त्याच्या फळीवर सोडून द्यावं, हे माझं मत. मादी नर नसतानाही अंडी घालते, कधी कधी पन्नासेक. माती भरलेली जागा मिळाली नाही तर ती पोटातच अडतात आणि जिवावर बेततं.

हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण सुदृढ दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर हा नाद नकोच. 1977 पासून ही जात साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा कागदपत्रं आधी आणि प्राणी नंतर.

एवढं सगळं जमलं, तर वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या दुपारी तो फळीवरून उतरून आपणहून तुमच्या दंडावर येतो, तिथून खांद्यावर, आणि तिथेच पसरतो. त्या खोलीत खांदा ही हाताशी असलेली सगळ्यात उंच फांदी आहे, आणि ती कोमटही आहे. चढताना नखं चांगलीच रुततात. जाड बाह्यांचा शर्ट घालून ठेवावा.