कंपवात: नाव एक, मेंदूच्या तऱ्हा अनेक

कोल्हापूरच्या गुजरीत साज घडवणाऱ्या कारागिराचा हात कापू लागला, की घरची मंडळी ‘वयानं होतंय’ म्हणून विषय सोडून देतात. हात मांडीवर विसावलेला असताना कापतो आणि कामाला लागला की थांबतो, हे बहुधा उशिरा ध्यानात येते. हे कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन आजाराचे लक्षण; इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये हेच टिपले होते. १९६० च्या सुमारास रुग्णांच्या मेंदूत डोपामिन या निरोप्या रसायनाची उणीव सापडली आणि पुढची कित्येक वर्षे हा आजार आनुवंशिक नाही, असेच मानले गेले.

१९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडल्यावर ही समजूत ढळली. १९९८ मध्ये जपानी कुटुंबांत पार्किन जनुक सापडले. ऐन तारुण्यात आजार आणणाऱ्या या प्रकारात दोष आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्या भागात तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. २००४ मध्ये एलआरआरके२ जनुकाची भर पडली. त्याच्या प्रथिनाला थरथर या अर्थाच्या बास्क शब्दावरून ‘दार्दारिन’ म्हणतात, आणि मराठी कानाला तो परका वाटत नाही. तरीही बहुसंख्य रुग्णांत असे एकच दोषी जनुक आढळत नाही.

दुसरा धागा चुंबकाचा. शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये कवटीवर तारेचे वेटोळे धरून, त्यातून निघणाऱ्या चुंबकीय ठोक्याने, शस्त्रक्रियेविना, मेंदूचा हालचाल घडवणारा भाग चेतवून दाखवला. १९९३ मध्ये कुजिराई आणि सहकाऱ्यांनी आधी क्षीण आणि काही सहस्रांश सेकंदांनी जोरकस असे दोन ठोके देण्याची रीत मांडली. निरोगी मेंदूत पहिला ठोका दुसऱ्याचा परिणाम दाबतो, म्हणजे मेंदूचा लगाम शाबूत असतो. १९९५ मध्ये कंपवाताच्या रुग्णांत हा लगाम सैल आढळला आणि त्याचे कारण डोपामिनच्या उणिवेत शोधले गेले.

हे रुग्ण जनुकांनुसार वेगळे काढलेले नव्हते, ही माझ्या मते त्या निष्कर्षाची खरी मर्यादा होती. पार्किनदोष असलेल्या रुग्णांत पुढे मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आज्ञा नेणाऱ्या मार्गातच बिघाड दिसला, तर २००७ मध्ये एकही लक्षण नसलेल्या पार्किनवाहकांत, म्हणजे दोषी जनुकाची एकच प्रत असलेल्यांत, संवेदना आणि हालचाल यांचा ताळमेळ चुकलेला आढळला. लक्षणांच्या आधीच दिसलेला हा फरक केवळ डोपामिन घटल्याचा, की जनुकदोषाचा स्वतंत्र ठसा, हा प्रश्न तिथून पुढे आला. रुग्णांचे वय, आजाराची मुदत आणि चालू औषधे सारखी नसल्याने त्याचे उत्तर काढणे जिकिरीचे ठरते.