तान्ह्या बाळाचं पोट, त्यातले जंतू आणि नसांचं जाळं

भाचीचं बाळ दीड महिन्याचं, चार दिवस शी झाली नाही म्हणून घरात नुसती धावपळ, एक आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढतेय, दुसरी मधाचं बोट चाटवायला निघालीये. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं, म्हणाले अंगावर पिणाऱ्या बाळांचं असं होतं, दूध नीट पितोय ना मग काळजी नको. दृष्टीचा इथे काही संबंध नाही, आतड्याचा आहे.

आतड्याला स्वतःच्या नसा असतात, कोट्यवधी न्यूरॉन म्हणजे चेतापेशी, स्नायूंच्या थरांमध्ये जाळ्यासारखे पसरलेले, मेंदूचा हुकूम नसला तरी अन्न पुढे ढकलणारे. हे जाळं गर्भातच विणायला घेतलेलं असतं पण जन्मताना अर्धवटच असतं, आणि नेमके तेव्हाच आईकडून, दुधातून बॅक्टेरिया येऊन वस्ती करतात.

२०१४ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी तीन दिवसांची उंदराची पिल्लं तपासली. ज्यांना एकही जंतू लागू दिला नव्हता त्यांच्या लहान आतड्यात नसा विरळ, न्यूरॉन कमी, हालचाल मंद. आणि ज्यांच्या पोटात ठरवून फक्त ८ जातींचे बॅक्टेरिया ठेवले होते त्यांचं जाळं नेहमीच्या पिल्लांसारखं! फक्त ८ जाती हो!

हे कसं होतं तो भाग मला फार आवडतो. आतड्याच्या अस्तरात मधेमधे सेरोटोनिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात, शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच बनतं. बॅक्टेरियांनी सोडलेल्या पदार्थांमुळे या पेशी जास्त सेरोटोनिन बनवतात, मग ते न्यूरॉनवरच्या ५-एचटी४ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि जाळं पक्कं व्हायला लागतं. २०१८ मध्ये स्वीडनच्या गटाने जंतूविरहित मोठ्या उंदरांना बॅक्टेरिया दिले तर जाळं सुधारलं, पण औषधाने तो रिसेप्टर अडवला की सुधारणा थांबली.

हे सगळं उंदरांमधलं आहे, त्याच्या जोरावर तान्ह्यांसाठी प्रोबायोटिकचे, म्हणजे जिवंत बॅक्टेरियांचे थेंब खपवणं मला अजिबात पटत नाही.

आणि मध! त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात जंतूंची वस्ती आधीच गच्च, त्यामुळे ते रुजत नाहीत, तान्ह्याकडे मात्र मोकळी जागा. तिथे ते उगवले की विष सोडतात आणि ते विष नसांच्या टोकाकडून असिटिलकोलीन हे निरोप्या रसायन बाहेरच पडू देत नाही, स्नायूंना निरोप मिळत नाही. बऱ्याचदा पहिलं लक्षण शी बंद होणं हेच असतं, मग रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते. वर्षाचं होईपर्यंत मध नाही म्हणजे नाही.

मधाचं ते बोट मी लागू दिलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे बाळाने लंगोट, दुपटं आणि भाचीची साडी, सगळं एकदम भरवलं.